गच्चीवरची अँटेना : वर्ग आणि वर्गमूळाचा एक धडा



समजा, तुमच्या सातवी-आठवीतल्या मुलाने एक दिवस येऊन विचारलं, "मला हॅम रेडिओ शिकायचाय. आपल्या गच्चीवर अँटेना लावायची का?" तर तुम्ही काय उत्तर द्याल? बहुतेक घरांत दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक म्हणजे, "काही नको, शॉक-बिक लागेल, अभ्यास कर." दुसरं म्हणजे, "लाव बाबा, काय लावायचं ते." ही दोन्ही उत्तरं पुरेशी नाहीत. पहिल्यात एक सुंदर विषय हातातून जातो आणि दुसऱ्यात एखाद्याचा जीवही जाऊ शकतो.

मी प्राथमिकची शिक्षिका. डी.एड.ला आम्हाला अँटेना कुणी शिकवली नव्हती. पण हा विषय समजून घेताना एक गोष्ट पक्की लक्षात आली. ती अशी, की उंचीमुळे होणारा फायदा वर्गमूळाच्या चालीने वाढतो आणि धोका वर्गाच्या चालीने वाढतो. एवढं एक वाक्य ज्याला कळलं, त्याला अँटेना किती उंच लावायची आणि कुठे थांबायचं हे आपोआप कळतं. आजच्या लेखात हेच नीट उलगडून पाहूया.

हॅम रेडिओ म्हणजे काय?

हॅम म्हणजे हौशी रेडिओ चालक. मोबाईल कंपनी नाही, इंटरनेट नाही, मधे कुठलाही टॉवर नाही. आपलं यंत्र, आपली अँटेना आणि थेट समोरच्या माणसाशी बोलणं. पैसे कमावण्यासाठी हे वापरता येत नाही. शिकणं, प्रयोग करणं आणि अडचणीच्या वेळी मदत करणं यासाठीच ते आहे.

आपल्या देशात यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेलं मूल या परीक्षेला बसू शकतं. परीक्षा पास झाल्यावर परवाना आणि स्वतःचं संकेतनाव मिळतं. आपल्याकडच्या बहुतेक संकेतनावांची सुरुवात व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्री अशी असते. परवान्याशिवाय प्रक्षेपण करायचं नाही, म्हणजे माईकचं बटण दाबून बोलायचं नाही. हा नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

"मोबाईलच्या जमान्यात हे कशाला?" असं कुणीही विचारेल. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आठवा. त्या वेळी दिल्लीच्या भारती प्रसाद या हॅम चालक आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. अंदमान-निकोबारचा नेहमीचा संपर्क विस्कळीत झाला, तेव्हा या हौशी मंडळींनी आपल्या रेडिओवरून निरोप पोचवायला सुरुवात केली. त्याआधी २००१ च्या भूज भूकंपातही हॅम चालकांनी असंच काम केलं. अशा वेळी सगळी भिस्त दोन गोष्टींवर असते. एक, रेडिओला वीज देणारी बॅटरी. दोन, वादळ-भूकंपानंतरही जागेवर उभी राहिलेली अँटेना. सगळ्यात उंच अँटेना नव्हे, उभी राहिलेली अँटेना!

अँटेना वेगळी, मनोरा वेगळा

बोलताना आपण सगळ्यालाच "टॉवर" म्हणतो. पण दोन्हींची कामं वेगवेगळी आहेत. अँटेना विजेच्या लहरी हवेत सोडते आणि हवेतल्या पकडते. मनोरा किंवा खांब फक्त तिला वर धरून ठेवतो. दूरदर्शनच्या जुन्या दिवसांत गच्चीवर जो आडव्या नळ्यांचा सांगाडा असायचा, ती अँटेना, आणि खालचा पाइप तो खांब. एकजण वर जाऊन अँटेना फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं… गेलं!" त्या सांगाड्याचं नाव यागी-उडा अँटेना. जपानमधल्या सेंदाई इथल्या विद्यापीठात शिंतारो उडा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास ती विकसित केली. हॅम मंडळी आजही तिचा भरपूर वापर करतात.

याला एक अपवादही आहे, तो मुलांना आवर्जून सांगा. आकाशवाणीच्या मध्यम लहरींच्या केंद्राचा उंच मनोरा हा स्वतःच अँटेना असतो. अशा मनोऱ्याची उंची अनेकदा लहरीच्या लांबीच्या पाव भागाच्या आसपास ठेवतात. आकाशवाणी पुणे केंद्राची वारंवारता ७९२ किलोहर्ट्झ. तिच्या लहरीची लांबी होते सुमारे ३७९ मीटर. त्याचा पाव भाग म्हणजे जवळजवळ ९५ मीटर!

तारेची लांबी : साधा भागाकार

सगळ्यात सोपी आणि स्वस्त अँटेना म्हणजे डायपोल. मधोमध तोडलेली एक सरळ तार. दोन्ही तुकडे समान, मधे केबल जोडलेली. बस्स.

रेडिओ लहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाते. त्यामुळे ३०० ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. डायपोल साधारण अर्ध्या लहरीएवढी लागते. प्रत्यक्ष तारेत ती थोडी आखूड भरते, म्हणून १५० ऐवजी १४३ ला भागतात.

उदाहरण घेऊ. हॅम मंडळींचा आवडता ४० मीटरचा पट्टा म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. त्यातली ७.१ मेगाहर्ट्झ ही वारंवारता घ्या. १४३ भागिले ७.१ बरोबर सुमारे २०.१ मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येकी साधारण १० मीटर तार. आता १४५ मेगाहर्ट्झ घ्या. उत्तर येतं ०.९९ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू जेमतेम अर्धा मीटर. वारंवारता वाढली की अँटेना लहान होते. व्यस्त प्रमाणाचं याहून चांगलं उदाहरण शोधूनही सापडायचं नाही.

तार म्हणून घराच्या वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चालते. मधल्या जोडासाठी पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरतो. तार मापापेक्षा हातभर जास्त ठेवा. शिंपी कापड कापताना शिलाईत दाब ठेवतो ना, तसंच. तार कापून कमी करता येते, वाढवता येत नाही.

अँटेना बरोबर मापाची झाली की नाही हे एसडब्ल्यूआर मीटरवर कळतं. रेडिओने पाठवलेली शक्ती अँटेनाने स्वीकारली नाही तर ती केबलमधून परत येते. मीटरवर १.५ दिसलं तर साधारण ४ टक्के शक्ती परतली. २ दिसलं तर ११ टक्के आणि ३ दिसलं तर २५ टक्के. त्यामुळे १.५ च्या आत आलं की खूश व्हायचं. आकडा आदर्श १ वर यावा म्हणून रोज गच्चीवर चढ-उतार करण्यात अर्थ नाही.

किती उंच? इथे येतं वर्गमूळ

आता मुख्य प्रश्न. अँटेना जितकी उंच तितकं चांगलं, असं सगळे म्हणतात. ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे.

१४५ मेगाहर्ट्झसारख्या उच्च वारंवारतेच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे त्या क्षितिजाच्या थोड्या पलीकडे पोचून संपतात. हे अंतर काढायचा ढोबळ नियम असा : अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये.

उंची ९ मीटर असेल तर वर्गमूळ ३, अंतर सुमारे १२ किलोमीटर.
उंची ३६ मीटर असेल तर वर्गमूळ ६, अंतर सुमारे २५ किलोमीटर.

बघा, उंची चौपट केली तेव्हा कुठे अंतर दुप्पट झालं. ९ मीटर म्हणजे एकमजली घराची गच्ची आणि वर एक पाइप. ३६ मीटर म्हणजे दहा-बारा मजली इमारत! शिवाय समोरच्याचीही अँटेना उंचावर असते, त्यामुळे तिचं अंतर आपल्यात मिळवायचं असतं. म्हणजे आपण एकट्यानेच आभाळाला हात लावायची गरज नाही. सह्याद्रीतल्या माणसाला तर हे सांगायलाच नको. डोंगरावर जाऊन हातातल्या छोट्या संचावरून बोललं, तरी गावातल्या उंच खांबापेक्षा लांब ऐकू जातं.

७ मेगाहर्ट्झची गोष्ट आणखी वेगळी. या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन खाली येतात. तार खूप उंच असेल तर लहरी तिरक्या जाऊन दूरच्या देशात उतरतात. तार ६ ते १० मीटरवर असेल तर त्या बऱ्याचशा सरळ वर जातात आणि आसपासच्या काहीशे किलोमीटरच्या टापूत परत पडतात. म्हणजे पूर किंवा वादळात आपल्याच राज्यातल्या लोकांशी बोलायचं असेल, तर ही बुटकी तारच जास्त कामाची!

उंचीला आणखी एक छुपा खर्च आहे, तो केबलचा. आरजी-५८ ही बारीक केबल १४५ मेगाहर्ट्झला ३० मीटर लांब टाकली, तर निम्म्याहून बरीच जास्त शक्ती केबलमध्येच जिरून जाते. मग आरजी-२१३ सारखी जाड, जड आणि महाग केबल घ्यावी लागते.

वारा : इथे येतो वर्ग

फायदा वर्गमूळाने वाढतो, हे झालं. आता दुसरी बाजू.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा एक चौरस मीटरच्या सपाट फळीवर साधारण १२ किलो वजनाइतका जोर लावतो. वेग दुप्पट, म्हणजे ताशी १०० किलोमीटर झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो. साधारण ४८ किलो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आलं, तेव्हा वारे ताशी १०० किलोमीटरच्या पुढे होते. कोकणातल्या पालकांना हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही.

आता खांबाची उंची घ्या. ५ सेंटीमीटर व्यासाचा ६ मीटर उंच पाइप. वाऱ्यासमोर येणारं क्षेत्रफळ ०.३ चौरस मीटर. हिशेब सोपा राहावा म्हणून पाइपच्या गोलाईचा परिणाम बाजूला ठेवू. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात एकूण जोर सुमारे १४ किलो. तो खांबाच्या मध्यावर, म्हणजे ३ मीटर उंचीवर लागतो असं धरलं, तर पायथ्याशी उखडण्याचं बळ सुमारे ४३ किलो-मीटर.

हाच पाइप १२ मीटरचा केला तर? क्षेत्रफळ दुप्पट, म्हणून जोर सुमारे २९ किलो. शिवाय तो लागतो ६ मीटरवर. पायथ्याशी बळ सुमारे १७३ किलो-मीटर. चौपट! तरफेचा नियम आपण मुलांना पहारीचं उदाहरण देऊन शिकवतो. उंच खांब म्हणजे वाऱ्याच्या हातात दिलेली लांब पहारच आहे. आणि यात अजून टोकावरची अँटेना धरलेलीच नाही.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवा. उंची दुप्पट केली तर ऐकू जाण्याचं अंतर वाढतं फक्त १.४ पट, कारण २ चं वर्गमूळ १.४१. आणि खांब उखडण्याचं बळ वाढतं ४ पट. आपण कुठे थांबायचं, हे या दोन आकड्यांतच लिहिलेलं आहे.

मार्कोनीचे मनोरे

हा धडा रेडिओच्या जन्मापासूनचा आहे. १९०१ मध्ये मार्कोनीला अटलांटिक महासागराच्या पलीकडे संदेश पाठवायचा होता. त्यासाठी इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला पोल्धू इथे सुमारे ६० मीटर उंचीचे २० खांब वर्तुळात उभे केले होते. खांबांची टोकं एकमेकांना तारांनी जोडलेली होती. म्हणजे प्रत्येक खांब शेजाऱ्याच्या भरवशावर उभा. सप्टेंबर १९०१ मध्ये वादळ आलं आणि सगळं वर्तुळ कोसळलं. अमेरिकेत केप कॉड इथे असंच वर्तुळ उभारलं होतं, तेही त्याच नोव्हेंबरात वाऱ्याने पाडलं.

मार्कोनीने मग पोल्धूला दोनच खांबांमधून पंख्यासारख्या तारा सोडल्या. पलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये तर त्याने खांब उभाच केला नाही, पतंगाला बांधून तार वर चढवली! १२ डिसेंबर १९०१ ला त्या तारेवर पोल्धूचा संकेत ऐकल्याचं त्याने सांगितलं. वाऱ्याने मनोरे पाडले आणि वाऱ्यानेच पतंग वर धरला.

वाऱ्याशी शहाणपणाने वागल्याचं उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यातही आहे. नारायणगावजवळ खोडद इथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. तिच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या, तर वाऱ्याचा केवढा जोर आला असता! म्हणून त्या दोरखंडासारख्या ताणलेल्या तारांवर बारीक तारेची जाळी बसवून केल्या आहेत. वारा आरपार जातो, रेडिओ लहर मात्र परावर्तित होते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं. सहल काढायला यासारखी जागा नाही.

ताण कसे द्यायचे?

विजेच्या खांबाला बाजूने जमिनीत गेलेली तिरकी तार आपण रोज पाहतो. तिलाच ताण म्हणतात. अँटेनाच्या खांबालाही तसेच ताण द्यायचे.

किमान तीन ताण, तीन दिशांना, एकमेकांपासून १२० अंशांवर. गच्चीवर हे आखायची युक्ती मुलांना येते. खांबाच्या जागेभोवती दोरीने वर्तुळ काढा. त्याच त्रिज्येच्या मापाने परिघावर खुणा करत गेलं की सहा बिंदू मिळतात. एकाआड एक बिंदू घेतले की तीन ताणांच्या जागा तयार.

ताण खांबाच्या फार जवळ खाली बांधला, तर तो खांबाला सावरण्याऐवजी नुसता खाली दाबतो. म्हणून खांबावर जिथे ताण बांधलाय, त्या उंचीच्या ६० ते ८० टक्के अंतरावर त्याचं दुसरं टोक हवं. ६ मीटरच्या खांबाला ४ मीटरवर कडं बसवलं आणि खाली ३ मीटरवर हूक घेतला, तर तार किती लागेल? ३ चा वर्ग ९, ४ चा वर्ग १६, बेरीज २५, वर्गमूळ ५. बरोबर ५ मीटर, वर बांधणीसाठी थोडी जास्त. पायथागोरस गच्चीवर येऊन उभा राहतो तो असा!

ताणासाठी गॅल्वनाइज्ड तारदोर घ्या, टोकांना क्लिपा आणि ताण कमी-जास्त करायला टर्नबकल. साधी नायलॉन दोरी ताणली जाते आणि उन्हात कुजते, ती कायमची वापरू नका. हूक आरसीसीच्या तुळईत किंवा कॉलममध्ये बसवा. विटांच्या कठड्याला किंवा पाण्याच्या टाकीच्या पाइपला ताण बांधायचा नाही. स्लॅबला भोकं पाडण्याआधी गवंड्याला विचारा, नाहीतर पावसाळ्यात गळती ठरलेली. नारळाच्या किंवा आंब्याच्या झाडाला तारेचं टोक बांधणार असाल, तर कप्पी लावून दोरीच्या टोकाला वजन टांगा. झाड डोललं की वजन वर-खाली होईल, तार तुटणार नाही.

प्रत्यक्ष मांडणीचा क्रम

घरच्यासाठी मी सुचवेन ती रचना अशी : एकमजली गच्चीवर ६ मीटरचा जीआय पाइप, त्याच्या टोकाला डायपोलचा मध्य, आणि दोन्ही तारा उतरत्या छपरासारख्या दोन बाजूंना. हिला उलटी व्ही म्हणतात. एकच उंच खांब पुरतो, हा तिचा मोठा फायदा.

तारांची टोकं ३ मीटरच्या खाली आणू नका. प्रक्षेपण चालू असताना टोकांवर मोठा विद्युतदाब असतो, हात लागला तर भाजतं. खांब ६ मीटर, टोक ३ मीटरवर, म्हणजे उतार ३ मीटर. तार १० मीटर. आडवं अंतर म्हणजे १०० वजा ९, ९१ चं वर्गमूळ, साधारण साडेनऊ मीटर. दोन्ही बाजू मिळून १९ मीटर जागा हवी. गच्ची लहान असेल तर टोकाला इन्सुलेटर आणि पुढे दोरी लावून ती अंगणातल्या खांबापर्यंत न्यावी.

उभारणीच्या दिवशी क्रम पाळा :

१. आधी जागा पाहा. सोसायटी, मालक, ग्रामपंचायत किंवा नगरपालिका यांची परवानगी लागते का ते विचारा. विमानतळाजवळ आणि उंच मनोऱ्यांसाठी नियम कडक आहेत.

२. पायाची प्लेट आणि ताणांचे हूक आदल्या आठवड्यात बसवून सिमेंट पक्कं होऊ द्या.

३. खांब आडवा ठेवूनच अँटेना, केबल आणि तिन्ही ताण वर जोडून घ्या. पायाला बिजागरी असेल तर उत्तम. वर चढून काम करायची वेळच येऊ नये.

४. वारा नसताना, सकाळच्या वेळी, किमान चार मोठी माणसं घेऊन खांब उभा करा. एक पायथ्याशी, तिघे तीन ताणांवर. सूचना एकानेच द्यायच्या.

५. मुलं खांबाच्या दीडपट उंचीच्या वर्तुळाबाहेर. त्यांचं काम मोजमाप आणि नोंदी.

६. खांब कलू लागला तर धरायला धावू नका. सोडा आणि बाजूला व्हा. पाइप शंभर मिळतील.

त्रिकोणी जाळीचा मोठा मनोरा हे घरगुती काम नाही. त्याला इंजिनिअरने काढलेला पाया आणि चढणाऱ्याला पूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा लागतोच.

दोन विजा

हा भाग कृपया वगळू नका.

पहिली वीज तारांमधली. अँटेना उभारताना जीव जातात ते बहुतेक खांब वीजवाहिनीला लागून. गावातून जाणाऱ्या ११ केव्हीच्या तारांवर कुठलंही आवरण नसतं. नियम सोपा आहे : खांब अँटेनासकट कुठल्याही दिशेला पूर्ण आडवा पडला, तरी वीजतारेपासून किमान ३ मीटर दूर राहिला पाहिजे. डायपोलची तार तुटून उडाली तरी तिथे पोचता कामा नये. घरात येणारी सर्व्हिस वायरही यात धरा. एवढी जागा नसेल तर तिथे अँटेना नाही. यात तडजोड नाही. चुकून खांब तारेला लागलाच, तर खांबाला किंवा त्याला चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आधी वीज वितरण कंपनीला सांगून पुरवठा बंद करून घ्या.

दुसरी वीज आभाळातली. एप्रिल-मेमधला वळीव आणि परतीचा पाऊस हे तिचे दिवस. खांबाला जाड तांब्याची तार आणि जमिनीत गाडलेला अर्थिंग रॉड हवा. खांबाचं आणि घराचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं असावं. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. केबल घरात शिरते तिथे लाइटनिंग अरेस्टर बसवा. पण यातलं काहीही पूर्ण हमी देत नाही. ढग जमायला लागले की केबल रेडिओपासून काढून घराबाहेर ठेवायची, ही सवयच खरी राखण.

वीज चमकल्यावर मुलांना सेकंद मोजायला लावा. ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरून ती स्वतः गणित करतील. मग सगळ्यांनी घरात. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास गच्चीवर पाय ठेवायचा नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं, ते मोबाईलवर असू द्या.

आणि देखभाल. मृग लागण्याआधी एकदा आणि दसऱ्याच्या साफसफाईत एकदा, गंज, क्लिपा, ताण आणि केबलचे जोड तपासा.

वर्गात काय करता येईल?

यासाठी रेडिओ असलाच पाहिजे असं नाही.

पाचवीपर्यंतच्या मुलांना झाडूच्या काड्या आणि रबरबँड द्या. चौकोन करून ढकलायला सांगा, तो कलंडतो. त्रिकोण कलंडत नाही. मग मैदानाच्या कडेने दिसणारा मोबाईल टॉवर दाखवा आणि त्यातले त्रिकोण मोजायला सांगा.

सहावी-सातवीसाठी एक लांब पट्टी मातीच्या गोळ्यात उभी करा, पंख्यासमोर ठेवा. मग तीन दोऱ्यांनी ताण द्या. एक दोरी सोडा, काय होतं ते पाहा. दोऱ्या जवळ बांधा, लांब बांधा, फरक वहीत लिहा.

आठवीला वरचे सगळे हिशेब द्या. उंची ४, ९, १६, २५ मीटर घेऊन अंतराचा एक आलेख आणि खांब उखडण्याच्या बळाचा दुसरा आलेख एकाच कागदावर काढायला सांगा. एक रेघ हळूहळू आडवी होत जाते, दुसरी उभी चढत जाते. वर्ग आणि वर्गमूळ यांतला फरक फळ्यावर कितीही सांगितला, तरी या एका कागदाइतका कळत नाही.

तर पालकहो, पुढच्या वेळी मुलाने गच्चीवरच्या अँटेनाबद्दल विचारलं, की "नाही"ही म्हणू नका आणि "लाव"ही म्हणू नका. त्याच्या हातात मोजपट्टी द्या आणि विचारा, "सगळ्यात जवळची विजेची तार किती लांब आहे? खांब किती उंच? तो पडला तर कुठवर येईल?" तिन्ही उत्तरं वहीत नीट लिहून आणली, की मग त्याच्यासोबत गच्चीवर चढा. बाकीचं काम दोघांनी मिळून करायचं आहे.